तारण, पण कशापासून?

न्यू साउथ वेल्समधल्या सरकारी शाळेत मुलाचे नाव घातले की काही दिवसांतच पालकांना एक प्रश्न विचारला जातो. आठवड्यातून एकदा होणाऱ्या धर्मशिक्षणाच्या तासाला मूल बसणार का, आणि बसणार असेल तर कोणत्या धर्माच्या? बोलीत ज्याला ‘स्क्रिप्चर’ म्हणतात तो हा तास १८८० च्या कायद्यापासून चालत आला आहे. १९९० च्या शिक्षण कायद्यातील ३२ वे कलम त्याला जागा देते, तर ३३ वे कलम पालकांना नकाराचा हक्क देते. काही शाळांत हिंदू, बौद्ध किंवा इस्लाम धर्माचे वर्गही भरतात. मात्र हे वर्ग स्वयंसेवकांवर चालतात, आणि जिथे तसे कोणी मिळत नाही तिथे निवड बहुधा ख्रिस्ती वर्ग, नीतिशास्त्राचा वर्ग असल्यास तो, किंवा यांपैकी काहीच नाही, एवढ्यावर येते. व्हिक्टोरियात २०१६ पासून असे वर्ग शिकवण्याच्या वेळेबाहेर, मधल्या सुट्टीत किंवा शाळेच्या आधी-नंतर ठेवले जातात.

प्रश्न शाळेपुरता थांबत नाही. शेजारीण नाताळाच्या गीतांना बोलावते, कार्यालयातला सहकारी ‘आल्फा’ नावाच्या चर्चावर्गाचे आमंत्रण देतो, विद्यापीठाच्या आवारात कोणी हातात पत्रक ठेवतो. मराठी माणसाचे ठरलेले उत्तर असते, ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात.’ हे उत्तर सौजन्याचे असते, पण त्याने संभाषण तिथेच मिटते. कारण समोरचा नेमके तेच म्हणत नसतो. तो काय म्हणतो आहे, हे कळून घेणे दोघांच्याही हिताचे आहे. निदान नाकारायचे तरी काय नाकारतो आहोत, हे ठाऊक असावे.

सहा चित्रांतला संदेश

ऑस्ट्रेलियातील चर्च ‘अविश्वासी’ म्हणून ज्याच्याशी बोलते तो मुख्यतः हिंदू नव्हे. १९११ च्या जनगणनेत जवळजवळ सर्वच नागरिकांनी आपला धर्म ख्रिस्ती असल्याचे नोंदवले होते. २०२१ मध्ये हे प्रमाण ४३.९ टक्क्यांवर आले आणि ‘कोणताही धर्म नाही’ असे सांगणारे ३८.९ टक्के झाले. हिंदू २.७ टक्के होते. म्हणजे चर्चसमोरचा खरा श्रोता हा चर्चला जाणाऱ्या आजीचा चर्चला न जाणारा नातू आहे. संदेश समजावण्याच्या इथल्या प्रचलित पद्धती त्याच्यासाठी घडलेल्या आहेत.

त्यांतली सर्वांत परिचित पद्धत सिडनीची. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यू साउथ वेल्स विद्यापीठात धर्मोपदेशक असलेल्या फिलिप जेन्सन यांनी ‘टू वेज टु लिव्ह’ ही मांडणी तयार केली. पुढे ती पत्रकाच्या रूपाने देशोदेशी गेली. तिच्यात सहा साधी रेखाचित्रे आहेत. देव जगाचा कर्ता आणि राजा आहे. माणसाने त्याचे राज्य झुगारून स्वतःच मुकुट घातला. या बंडाचा न्याय देव करील. देवाने प्रेमापोटी येशूला जगात पाठवले आणि बंडखोरांची शिक्षा त्याने आपल्या मरणात सोसली. देवाने त्याला पुन्हा उठवून राजा केले. शेवटच्या चित्रात वाटा दोनच उरतात, स्वतःच्या मर्जीने जगण्याची किंवा येशूला राजा मानण्याची.

याहून संक्षिप्त मांडणी याच शहरात एका जवळजवळ निरक्षर माणसाने केली. आर्थर स्टेस (१८८५–१९६७) दारूच्या आहारी गेला होता. १९३० मध्ये त्याचे मन पालटले. दोन वर्षांनी एका प्रवचनात ‘इटर्निटी’, म्हणजे अनंतकाळ, हा शब्द त्याच्या मनात रुतला. त्यानंतरची सुमारे ३५ वर्षे तो पहाटे उठून सिडनीच्या पदपथांवर खडूने, सुंदर वळणदार अक्षरांत, हा एकच शब्द लिहीत राहिला. त्याने तो पाच लाख वेळा लिहिला असावा असा अंदाज केला जातो. २००० सालाच्या पहिल्या क्षणी हार्बर ब्रिजवर हाच शब्द दिव्यांनी उजळला होता.

एका शब्दाने काम भागत होते, कारण वाचणाऱ्याच्या मनात उरलेले वाक्य आधीच तयार होते. १९५९ मध्ये बिली ग्रॅहम यांच्या सभेसाठी मेलबर्न क्रिकेट मैदानावर सुमारे १ लाख ४३ हजार लोक जमले. त्यांपैकी बहुतेकांनी बालपणी रविवारच्या शाळेत देव, पाप आणि क्रूस ही बाराखडी गिरवलेली होती. ज्याची बाराखडीच निराळी आहे, त्याच्या मनात ही सहा चित्रे कोणते वाक्य जुळवतील?

शब्द ओळखीचे, अर्थ निराळे

पहिला शब्द ‘पाप’. मराठीत पाप लागते, फिटते, धुतले जाते, त्याचा घडा भरतो, पुण्याशी त्याची वजाबाकी होते. पाप म्हणजे कृत्य. त्यामुळे प्रामाणिकपणे नोकरी करणाऱ्या, आईवडिलांना पैसे पाठवणाऱ्या माणसाला ‘तू पापी आहेस’ असे सांगितले की त्याला तो अपमान वाटतो. नव्या करारातल्या मूळ ग्रीक शब्दाचा धात्वर्थ मात्र ‘नेम चुकणे’ असा आहे. ख्रिस्ती विचारात पाप हे आधी नात्याचे नाव आहे, मग कृत्याचे. ज्याने निर्माण केले त्याच्याकडे पाठ फिरली, हे पाप; चोरी आणि खोटेपणा ही त्याची फळे.

दुसरा शब्द ‘तारण’. आपल्या कानांना त्यात भवसागर तरून जाणे ऐकू येते आणि मन लगेच मोक्षाकडे वळते. पण मोक्ष ही जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका आहे, आणि ख्रिस्ती विचारात असा फेराच नाही. जन्म एक, मरण एक, मग न्याय. तिथे तारण आहे ते दोषापासून आणि देवापासूनच्या ताटातुटीपासून. त्याचा शेवट देहातून सुटण्यात होत नाही, देहासकट पुन्हा उठण्यात होतो. बँकेत घर ‘तारण’ ठेवणारा मराठी वाचक या शब्दाची दुसरी छटाही ओळखतो. कर्ज कोणाचे आणि त्यापोटी गहाण काय, हा प्रश्न ख्रिस्ती संदेशाच्या मर्माजवळ आहे.

तिसरा शब्द ‘कृपा’. इथे परदेशस्थ व्यावसायिकाला आपल्याच अनुभवातून उदाहरण सापडेल. कुशल कामगारांच्या व्हिसासाठी ऑस्ट्रेलिया वय, शिक्षण, इंग्रजी आणि अनुभव यांचे गुण मोजते. निदान ६५ गुण भरले तरच अर्ज पुढे सरकतो. आपण इथे आलो ते गुणांवर, हा अभिमान रास्त आहे. ख्रिस्ती संदेश सांगतो की देवाच्या दारी अशी गुणपत्रिका चालत नाही. कमी गुणांचा आत येतो, आणि पूर्ण गुणांच्या माणसालाही त्याच दाराने यावे लागते. त्यामुळे हा संदेश अपयशी माणसाला दिलासा देतो आणि यशस्वी माणसाला टोचतो.

लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. धाकटा मुलगा वाटा मागून दूरदेशी जातो, सारे उधळून परततो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. तिचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. आज्ञेत राहून राबलेला थोरला मुलगा रागावून बाहेरच उभा राहतो. बाप त्याचीही मनधरणी करायला बाहेर येतो. तो आत गेला की नाही, हे गोष्ट सांगत नाही. आयुष्यात सर्व काही नीट केलेल्या श्रोत्यासाठी हा भाग अधिक नेमका आहे.

चौथा शब्द खुद्द ‘शुभवर्तमान’ किंवा ‘सुवार्ता’. ती वार्ता आहे, म्हणजे घडलेल्या घटनेची बातमी. पंतय पिलात नावाच्या रोमन सुभेदाराच्या कारकिर्दीत एका माणसाला क्रूसावर मारले आणि तो पुन्हा उठला, असा तिचा दावा आहे. म्हणूनच प्रामाणिक ख्रिस्ती माणूस ‘सगळे धर्म एकच’ या वाक्याने सुखावत नाही. उपदेशांत साम्य असू शकते. बातमीच्या बाबतीत मात्र ती खरी की खोटी, हेच विचारावे लागते.

चारशे वर्षांची मराठी खटपट

मराठीत हा संदेश मांडण्याची अडचण नवी नाही. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथात त्यांनी पुराणाचा साचा घेतला आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ असा शब्द वापरला. श्रोत्याला घरचा सूर ऐकू आला, पण घरचे अर्थही शब्दांबरोबर आत आले. हा लाभ आणि हा धोका त्यानंतरच्या प्रत्येकाच्या वाट्याला आला.

पंडिता रमाबाईंनी उलट वाट धरली. वेदान्ताच्या छटा ज्यांना चिकटल्या आहेत असे संस्कृतप्रचुर शब्द टाळून साध्या मराठीत बायबल आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२२ मध्ये निधनापूर्वी त्यांनी हे काम पुरे केले. त्यांना स्वतःला संदेश पटला तो युक्तिवादाने कमी आणि कृतीने अधिक. इंग्लंडमध्ये फुलहॅम येथे ‘पतित’ मानलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या. हे का करता, असे विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी चर्चच्या मतसूत्रांवरून त्या इंग्रज भगिनींशी वाद घालत राहिल्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र बऱ्याच वर्षांनी भेटला, असे त्यांनी पुढे लिहिले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाताना रेल्वेत एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांनी ख्रिस्ती कीर्तने केली, अभंग रचले. १९१७ मध्ये त्यांनी उभारलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. या धर्मांतराची किंमत घराने काय मोजली, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मधून प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. ‘विश्वास ठेव’ हे दोन शब्द मराठी घरात पडतात तेव्हा त्यांच्यामागे नाती, पंगत आणि कुलधर्म उभे असतात. सिडनीच्या पत्रकातल्या दोन वाटा व्यक्तीपुढे मांडलेल्या आहेत. मराठी माणूस मात्र त्या कुटुंबासह वाचतो.

ऐकणाऱ्यांनी उत्तर देण्याचीही परंपरा आहे. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. मिशनरी जॉर्ज बोएन यांनी ते त्याच वर्षी पुस्तकरूपाने छापले. आज अशी खुली, नावानिशी केलेली आणि नोंदली गेलेली चर्चा दुर्मीळ झाली आहे.

मतभेद नेमका कुठे

शब्दांचा घोळ दूर झाल्यावर खरा मतभेद उरतो. ‘करावे तसे भरावे’ हा आपल्या नीतिविचाराचा कणा आहे. एकाचे कर्म दुसरा कसा भोगील? क्रूसाचा अर्थ ऐकताना मराठी मन इथेच अडते, आणि हा आक्षेप पोरकट नाही. ख्रिस्ती उत्तर असे, की शिक्षा भोगणारा तिऱ्हाईत नव्हे. न्यायाधीशच स्वतः ती सोसतो. यावर पुढचा प्रश्न येतो, मग वाटेल तसे वागायला मोकळीक मिळाली का? हा आक्षेप संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात स्वतःच उपस्थित केला आहे. कृपेने जो बदलला, तो जुन्या जगण्यात राहूच शकत नाही, असे त्याचे म्हणणे आहे.

कृपेची कल्पना मात्र भारताला परकी नाही. श्रीवैष्णवांमध्ये यावर जुना वाद आहे. माकडाचे पिलू आईला घट्ट धरते, मांजरीच्या पिलाला आईच तोंडात धरून नेते. भक्त यांपैकी कोणासारखा? मांजरीच्या पिलाची बाजू घेणाऱ्याला ख्रिस्ती कृपेचा अर्धा अर्थ चटकन उमगेल. उरलेला अर्धा, म्हणजे ही कृपा इतिहासातील एकाच व्यक्तीतून येते हा दावा, तरीही अवघडच राहील.

त्या दाव्याची धार घरात जाणवते ती मुलाच्या प्रश्नातून. पुण्याची आजी रोज पूजा करते, मग तिचे काय होईल? याला सर्व ख्रिस्ती एकच उत्तर देत नाहीत. १९६० च्या दशकातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने असे म्हटले की ज्यांना स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमान कळले नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकते. सिडनीच्या इव्हँजेलिकल अँग्लिकन परंपरेत ख्रिस्तावरील प्रत्यक्ष विश्वासावर भर आहे. त्यामुळे ‘ख्रिस्ती लोक काय मानतात’ यापेक्षा ‘तुमचे चर्च काय शिकवते’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा. तो विचारणे उद्धटपणाचे नाही. स्क्रिप्चरच्या वर्गाबाबतही तो विचारावा, आणि अभ्यासक्रम पाहून मगच अर्ज भरावा.

सांगणाऱ्यासाठीही यात काही आहे. हिंदू शेजाऱ्याला पापाच्या चित्रापासून सुरुवात करून सांगू पाहणारा, त्याला न पडलेल्या प्रश्नाचे उत्तर देत असतो. परक्या देशातला एकटेपणा, कमावलेले सारे हाती असूनही न संपणारी धडपड, आईच्या शेवटच्या क्षणी पोहोचता न आल्याचा सल हे प्रश्न मात्र पडलेले असतात. त्यांच्यापासून बोलणे सुरू झाले, तर तारण कशापासून हे दोघांनाही दिसू लागते. मग शेजारी नकार देईल, होकार देईल किंवा विचारात पडेल. यांतले काहीही घडले तरी ते समजून घडलेले असेल, आणि नाताळाचे आमंत्रण पुढच्या वर्षीही येत राहील.