गोड्या पाण्याचा उपद्रव

श्रीलंकेस गेलेला प्रवासी याल्याचे बिबटे पाहण्यास धावतो. त्याच दक्षिण किनाऱ्यावरील बुंदल राष्ट्रीय उद्यानाकडे फारसे कोणी वळत नाही. तेथील खारी सरोवरे १९९० साली रामसर यादीत आली. तो मान त्या देशात पहिलाच. रोहित पक्ष्यांचे थवे हे त्यांचे वैभव. परंतु किरिंदी ओया प्रकल्पाच्या शेतांतील निचऱ्याचे गोडे पाणी एम्बिलिकल व मलल या सरोवरांत उतरू लागले. खारटपणा घटला, भक्ष्य घटले, रोहित विरळ झाले. शेतकऱ्यास पाणी देणे हा गुन्हा नव्हे. मात्र वापरलेले पाणी कोठे जाणार, याचा विचार कालव्याआधीच व्हावयास हवा होता. भरती-ओहोटी पाहून मानशीचे दार हलविणाऱ्या आमच्या खाजन शेतकऱ्यास हे शिकवावे लागले नसते! बुंदलला हत्ती, मगरी आणि हिवाळी पाहुणे पक्षी आजही आहेत. जाणाऱ्याने मलल सरोवराचा काठही पाहून यावा.