लाइनअप बदलून किती सामने जिंकता येतात?

अमेरिकेतला शिकागो व्हाइट सॉक्स हा बेसबॉल संघ 2024च्या हंगामात 162पैकी 121 सामने हरला. 1901पासूनच्या आधुनिक बेसबॉलमध्ये एका हंगामात इतके पराभव कोणत्याच संघाच्या वाट्याला आले नव्हते. 1962च्या न्यूयॉर्क मेट्सचा 120 पराभवांचा नकोसा विक्रम मागे पडला. जुलै-ऑगस्टमध्ये तर सलग 21 सामने गेले आणि मॅनेजर पेड्रो ग्रिफोल यांच्या हाती नारळ ठेवण्यात आला. संघ असा गाळात रुतला की चाहत्यांत एकच वाद पेटतो : लाइनअप, म्हणजे फलंदाजीचा क्रम, बदला. पहिल्या क्रमांकावर अमका कशाला, त्याच्या पायात वेग नाही. चौथ्यावरच्या तमक्याला महिनाभर सूर गवसलेला नाही, त्याला सातवर ढकला. तळाच्या पोराला वर आणा. मॅनेजरही नवनव्या क्रमाचा कागद पंचांच्या हाती देऊन पाहतात. खेळाडू विकत घ्यायला पैसा लागतो, घडवायला वर्षे लागतात. क्रम बदलायला पेन पुरते. आणि नेमका हाच उपाय सर्वांत कमी ताकदीचा आहे, हे गणिताने पन्नास वर्षांपूर्वीच दाखवून ठेवले आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या मनाला हे चटकन पटत नाही, कारण क्रिकेटमध्ये क्रमाला खरोखर वजन असते. तिथे बाद झालेला फलंदाज त्या डावात परत येत नाही, अकराव्याची पाळी कित्येकदा येतच नाही आणि नव्या चेंडूला कोण तोंड देणार यावर डावाची दिशा ठरते. बेसबॉलमध्ये फलंदाज नऊ आणि ते रहाटाच्या पोहऱ्यांसारखे फिरत राहतात. नववा झाला की पुन्हा पहिला. तीन जण बाद झाले की इनिंग संपते, पण पुढच्या इनिंगची सुरुवात मागची जिथे थांबली तिथूनच होते. नऊ इनिंगमध्ये संघाकडे 27 बाद होण्याची पुंजी असते आणि त्यात प्रत्येक फलंदाज चार-पाच वेळा मैदानात उतरतो. ‘पहिला’ फलंदाज हमखास पहिला असतो तो फक्त पहिल्या इनिंगमध्ये. त्यानंतर कोणती इनिंग कोणापासून सुरू होईल, याचा नेम नसतो.

वरच्या क्रमांकाचा एक फायदा निर्विवाद आहे : पाळ्या जास्त मिळतात. किती जास्त, हे पाटीवर मांडता येते. सामना संपतो तेव्हा शेवटची पाळी नऊपैकी कोणाचीही असू शकते. या नऊ शक्यता ढोबळमानाने सारख्या धरल्या, तर शेजारच्या दोन क्रमांकांत दर नऊ सामन्यांमागे एका पाळीचा फरक पडतो. म्हणजे 162 सामन्यांच्या हंगामात 18 पाळ्यांचा. पहिला आणि पाचवा यांच्यात 72. आता समजा, एक फलंदाज शंभरात 34 वेळा बाद न होता बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर, पोहोचतो आणि दुसरा 30 वेळा. म्हणजे एक चांगला आणि एक सुमार. मॅनेजरने सुमाराला पहिला आणि चांगल्याला पाचवा लावला आहे, चाहते संतापले आहेत. चूक दुरुस्त करून दोघांची अदलाबदल केली, तर चांगल्याच्या वाट्याला आलेल्या 72 जादा पाळ्यांतून संघ तीन वेळा अधिक बेसवर पोहोचेल. सहा महिन्यांच्या हंगामात तीन वेळा.

अर्थात, पाळ्यांची संख्या हा हिशेबाचा एक भाग झाला. कोणत्या परिस्थितीत कोण खेळतो, हा दुसरा. तीन बेसवर धावपटू असण्या-नसण्याच्या आठ तऱ्हा आणि बाद झालेले शून्य, एक किंवा दोन, अशा मिळून 24 परिस्थिती होतात. प्रत्येक परिस्थितीतून इनिंग संपेपर्यंत सरासरी किती धावा निघतात, हे नोंदींवरून काढता येते. कॅनडाच्या संरक्षण खात्यातले विश्लेषक जॉर्ज लिंडसे यांनी 1963च्या निबंधात हा पाया घातला. कोणी बाद नाही आणि बेस रिकामे, अशा वेळी साधारण अर्धी धाव अपेक्षित असते. दोन बाद आणि बेस रिकामे असताना जेमतेम एक दशांश. पुढे 1974मध्ये ॲलन फ्रीझ यांनी – हे गृहस्थ पेशाने भूजलशास्त्रज्ञ! – संगणकावर असंख्य लुटुपुटूचे सामने खेळवून क्रमाचा परिणाम अगदी किरकोळ असल्याचे दाखवले. 1997मध्ये ब्रूस ब्युकिएट आणि सहकाऱ्यांनी मार्कोव्ह साखळीचे, म्हणजे एका परिस्थितीतून दुसरीत जाण्याच्या शक्यतांचे, गणित या 24 परिस्थितींना लावले. नऊ जणांचे क्रम लागतात 3,62,880. त्यांतला सर्वोत्तम आणि एखाद्या जाणत्या मॅनेजरने नेहमीच्या पद्धतीने लावलेला, यांच्यात अशा अभ्यासांतून निघणारा फरक हंगामाला साधारण दहा-पंधरा धावांचा असतो. बेसबॉलचा ठोकताळा असा की दहा धावा म्हणजे एक विजय.

या हिशेबाने काही जुन्या समजुती मात्र मोडीत काढल्या. सर्वोत्तम फलंदाज तिसऱ्या क्रमांकावर, ही त्यांतली सर्वांत चिवट. पहिले दोघे चांगले असले तरी प्रत्येक जण दोन तृतीयांश वेळा बाद होतो. म्हणजे दहापैकी चारहून अधिक सामन्यांत तिसरा फलंदाज पहिल्यांदा उतरतो तेव्हा दोन बाद आणि बेस रिकामे असतात. घरातले सर्वांत मोलाचे नाणे आपण सर्वांत स्वस्त बाजारात खर्च करतो. टॉम टँगो, मिचेल लिक्टमन आणि अँड्र्यू डॉल्फिन यांनी 2006च्या ‘द बुक’मध्ये सुचवले की, सर्वांत चांगले तिघे पहिला, दुसरा आणि चौथा असे खेळवावेत. पहिला फलंदाज चपळच हवा, हाही आग्रह सुटला. 2023मध्ये फिलाडेल्फिया फिलीजने बरेच सामने काइल श्वारबर या धिप्पाड गड्याला पहिल्या क्रमांकावर खेळवले. त्याची फलंदाजीची सरासरी होती .197, म्हणजे लाजिरवाणी. पण 47 होम रन आणि बाहेरचे चेंडू सोडून मिळवलेले 126 मोफत बेस यांमुळे तो बेसवर पोहोचण्यात सरासरीपेक्षा सरसच होता. फिलीज त्या वर्षी विजेतेपदाच्या उंबरठ्याजवळ पोहोचले. ते केवळ या क्रमामुळे, असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे होईल.

आता हे माप व्हाइट सॉक्सला लावू. 2024मध्ये सरासरी संघाने सुमारे 710 धावा केल्या. व्हाइट सॉक्सने 507. खड्डा दोनशे धावांचा आणि क्रमाची कुदळ भरणार पंधरा. शिवाय त्यांनी प्रतिस्पर्ध्यांना 813 धावा दिल्या, त्या पिचर आणि क्षेत्ररक्षकांच्या खात्यावर. फलंदाजीच्या क्रमाचा तिथे काहीच संबंध नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

मग क्रम बदलल्यावर संघ जिंकताना दिसतो, त्याचे काय? इथे संख्याशास्त्र थोडे निष्ठुर होते. ज्याची खरी क्षमता चारात एक फटका यशस्वी करण्याची आहे, तो 40 प्रयत्नांत सरासरी दहा वेळा यशस्वी होईल. पण निव्वळ योगायोगाने सहा किंवा त्याहून कमी वेळा यशस्वी होण्याची शक्यता दहात एक असते. असे नऊ फलंदाज असतील, तर कोणत्याही दहा-बारा दिवसांत त्यांतला किमान एक जण ‘फॉर्म हरवलेला’ दिसण्याची शक्यता निम्म्याहून जास्त निघते. मॅनेजर त्यालाच हलवतो. पुढच्या 40 प्रयत्नांत तो आपल्या नेहमीच्या पातळीकडे येतो, कारण दुर्दैव सहसा लागोपाठ तितकेच वाईट नसते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. बदल ‘लागू पडला’ असे दिसते, कारण बदल नेहमी तळ गाठल्यावरच केला जातो. 1988मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सने पहिले सहा सामने हरताच मॅनेजर बदलला. त्यानंतर ते आणखी 15 हरले, मगच पहिला विजय मिळाला. इतके पराभव झाल्यावर जी व्यक्ती, जो क्रम समोर असेल, श्रेय त्याला. व्हाइट सॉक्समध्येही ग्रिफोल यांच्यानंतर ग्रेडी साइझमोर यांच्या हाताखाली 45 सामन्यांत 13 विजय आले. जुन्या गतीने ते सुमारे 11 आले असते. दोन विजयांचा हा फरक योगायोगाच्या सहज मर्यादेतला आहे.

यावर पहिला आक्षेप असा की खेळाडू म्हणजे फासे नव्हेत, ‘फॉर्म’ खरा असतो. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘हॉट हँड’, म्हणजे लागोपाठच्या यशातून दिसणारा फॉर्म, हा केवळ भ्रम, असे 1985मध्ये थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि एमस ट्व्हर्स्की यांनी बास्केटबॉलच्या आधारे मांडले. पण त्या पद्धतीतली सूक्ष्म चूक जोशुआ मिलर आणि ॲडम सांहुर्हो यांनी 2018मध्ये उघड केली. त्याच वर्षी ब्रेट ग्रीन आणि जेफ्री झ्विबेल यांनी बेसबॉलच्या नोंदींत फॉर्मचा ठसा सापडल्याचे प्रसिद्ध केले. तो मान्य करू. पण त्यावरून कोणाला खेळवावे आणि कोणाला बसवावे, याचा निर्णय सुचतो. खेळवायचेच असेल तर तिसरा की सहावा, याचा नाही. वरचा 72 पाळ्यांचा हिशेब फॉर्मातल्या खेळाडूलाही तसाच लागू आहे. क्रम बदलल्याने मनावरचे दडपण उतरते, हा युक्तिवाद खोडता येत नाही. पण रोज जागा बदलल्याने एखाद्याचे मन अस्थिर होते, हेही तितक्याच सहज म्हणता येते.

दुसरा आक्षेप अधिक मजबूत आहे : एक विजय काही थोडा नसतो. 13 ऑगस्ट 1972 रोजी, सलग चार पराभवांनंतर, डेट्रॉइट टायगर्सचे मॅनेजर बिली मार्टिन यांनी टोपीत चिठ्ठ्या टाकून क्रम काढला. ताकदवान नॉर्म कॅश पहिला आला आणि सर्वांत दुबळ्या फलंदाजांत गणला जाणारा एडी ब्रिंकमन मानाच्या चौथ्या क्रमांकावर. टायगर्स 3-2 जिंकले. त्याच दिवशी दुसरा सामना नेहमीच्या पद्धतीच्या क्रमाने खेळले आणि हरले. त्या वर्षी त्यांनी आपला गट जिंकला तो बॉस्टनपेक्षा एकच विजय जास्त मिळवून : 86 विरुद्ध 85. अशा काठावरच्या संघाला दहा धावा सोन्याच्या आहेत आणि त्यांनी क्रमाचा कीस जरूर पाडावा. पण 41 विजयांच्या संघाला 42वा विजय मिळाल्याने कोणती रांग पुढे सरकते?

अशा संघासाठी चर्चा नावांची हवी, क्रमांकांची नको. 2025मध्ये विल व्हेनेबल यांच्या हाताखाली व्हाइट सॉक्सने 60 सामने जिंकले. जुलैत वर आणलेल्या कोल्सन मॉन्टगोमेरी या नवख्या शॉर्टस्टॉपने 71 सामन्यांत 21 होम रन मारले. पण 19 जादा विजयांचे सगळे श्रेय नव्या रक्तालाही देता येत नाही. केलेल्या आणि दिलेल्या धावांवरून विजयांचा अंदाज काढणाऱ्या, बेसबॉल विश्लेषक बिल जेम्स यांच्या सूत्रात 507 आणि 813 हे आकडे घातले, तर 2024च्या संघाचे विजय 45च्या आसपास निघतात. मिळाले होते 41. चारेक विजय नशिबाकडे उधारच होते. उरलेल्या पंधरांत क्रमाचा वाटा शोधायला बसले, तर फार तर दीड विजय हाती लागेल, तोही 2025चा क्रम सर्वोत्तम होता असे धरले तर.