घरात ऐकणारं कुणी हवं

मार्च २०२० मध्ये करोनाच्या महासाथीमुळे महाराष्ट्रातल्या शाळांना कुलपं लागली. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द होऊन मुलं तशीच वरच्या वर्गात गेली, दहावीचा भूगोलाचा पेपर राहूनच गेला, आणि थोड्या दिवसांचा प्रश्न आहे असं म्हणता म्हणता ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या मुलांना वर्गात बसायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. २०२० च्या जूनमध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाचं दुसरीचं निम्मं वर्ष सरलं, तरी त्याने वर्गाचा उंबरा ओलांडला नव्हता. या काळात घरोघरचे पालक एकाच काळजीत होते: आता आपण शिकवायचं कसं? ही काळजी खरी होती, पण त्या प्रश्नानेच पालकांना भलत्या वाटेला नेलं. घराला शाळा व्हायला सांगितलं की ते हमखास कमी पडतं. घराला सहज जमेल असं काम वेगळं आहे. मूल जे वाचतं, सांगतं, हिशेब करतं, ते रोज थोडा वेळ मन लावून ऐकायचं. हे काम दिसायला छोटं असलं, तरी त्या दीड वर्षात सर्वांत जास्त उणीव त्याचीच भासली.

आधी नेमकं काय हातातून गेलं ते पाहू. अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०२१ च्या सुरुवातीला छत्तीसगड, कर्नाटक, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तराखंड या पाच राज्यांतल्या सरकारी शाळांतल्या १६,०६७ मुलांची पाहणी केली. दुसरी ते सहावीतल्या ९२ टक्के मुलांनी आदल्या वर्षी अवगत असलेलं भाषेचं निदान एक कौशल्य गमावलं होतं. गणितात हे प्रमाण ८२ टक्के होतं. स्वतःचा अनुभव किंवा चित्रात दिसतं ते तोंडी सांगणं, ओळखीचे शब्द वाचणं, वाचलेलं समजणं, साधी वाक्यं लिहिणं, अशी ही कौशल्यं. नवे धडे बुडाले ते वेगळंच, पण येत होतं तेही पुसलं गेलं. ग्रामीण भारतात होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणातही हेच दिसलं. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली. वजाबाकी येणारी मुलं मात्र २८.२ टक्क्यांवरून २५.९ टक्क्यांवरच उतरली. वाचन जास्त का घसरलं, याचं एक कारण मला घरातच दिसतं. हिशेबाशी मुलाची गाठ पडतच राहते. दुकानातून उरलेले पैसे मोजून आणावे लागतात, पत्ते आणि सापशिडी खेळताना आकडे तोंडात येतात. पुस्तक उघडून कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायचा प्रसंग मात्र अनेक घरांत येतच नाही.

या काळात सगळा भर होता तो साहित्य पोचवण्यावर. सप्टेंबर २०२० मध्ये ‘असर’ने ग्रामीण कुटुंबांना फोन करून पाहणी केली. शाळेत नाव असलेल्या मुलांच्या घरांत स्मार्टफोनचं प्रमाण दोन वर्षांत ३६.५ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर गेलं होतं, तरीही आदल्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्यास मिळालेली मुलं जेमतेम ३५.६ टक्के होती. उलट त्याच पाहणीत ८० टक्क्यांहून जास्त मुलांकडे चालू इयत्तेची पाठ्यपुस्तकं होती, आणि चारपैकी तिघांना घरातून कुणी ना कुणी मदत करत होतं. म्हणजे पुस्तक घरात होतं, माणूसही घरात होता. दोघांची गाठ कशी घालून द्यायची, एवढंच कुणी नीट सांगितलं नाही. बोट्स्वानात त्याच वर्षी झालेला एक प्रयोग या ठिकाणी फार बोलका आहे. तिथे काही कुटुंबांना दर आठवड्याला गणितं फक्त मेसेजवर पाठवली गेली, तर काहींना मेसेजबरोबर वीसेक मिनिटांचा फोनही केला जाई आणि पालक व मूल यांच्याशी बोलत एखादं गणित सोडवलं जाई. फोन आलेल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. नुसत्या मेसेजचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. आणखी एक गोष्ट घडली. आपलं मूल नक्की कोणत्या पायरीवर आहे, हे त्या पालकांना अधिक अचूक सांगता येऊ लागलं.

ऐकायचं म्हणजे नेमकं काय, ते जवळून पाहू. आई भाजी निवडते आहे आणि मूल शेजारी बसून ‘बालभारती’चं एक पान मोठ्याने वाचतं आहे. जोडाक्षर आलं की ते थबकतं. शब्दाची सुरुवात वाचून शेवट अंदाजाने ठोकून देतं. ओळ संपली की श्वास तुटतो. लगेच दुरुस्त न करता त्याला ते पान पूर्ण करू द्यावं, अडलेला शब्द पुन्हा पाहायला सांगावं आणि मग विचारावं, ‘हं, काय झालं गोष्टीत? तुझ्या शब्दांत सांग.’ जे घडाघडा वाचलं पण सांगता येत नाही, ते समजलेलं नाही. गणिताचंही तसंच. १२० रुपये किलोची तूरडाळ पाव किलो आणली, पन्नासची नोट दिली, तर परत किती? उत्तर वीस आलं की विषय संपत नाही. ते कसं काढलं हे मुलाने बोलून दाखवलं पाहिजे. ‘सदुसष्ट’ म्हटल्यावर मूल ७६ लिहितं, तेव्हा ते निष्काळजी असतं असं नाही. मराठीत एककाचा आकडा आधी उच्चारतात आणि दशकाचा नंतर, म्हणून ते कानावर पडलं त्या क्रमाने लिहितं. उत्तर चुकलं एवढंच वहीत दिसतं; का चुकलं ते ऐकल्यावर कळतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, ज्यांना स्वतःलाच वाचता येत नाही किंवा जे दिवसभर राबून येतात, त्यांनी हे कसं करावं? आक्षेप वजनदार आहे. पण ‘असर’च्याच पाहणीत आईवडील दोघेही पाचवीपर्यंत किंवा त्याहूनही कमी शिकलेले होते, अशा घरांतल्या निम्म्याहून जास्त मुलांना घरातून मदत मिळत होती, आणि त्यात मोठ्या ताया-दादांचा वाटा मोठा होता. बिहार आणि राजस्थानातल्या गावांत महासाथीच्या आधीच एक अभ्यास झाला होता. आयांसाठी साक्षरतेचे वर्ग घेतले, मुलांबरोबर घरी करायच्या साध्या कृती दिल्या, तेव्हा मुलांच्या शिकण्यात थोडी पण खरी सुधारणा दिसली. आईला अक्षर येत नसलं तरी मूल कुठे अडखळतं ते तिच्या कानाला कळतं, आणि ‘पुढे काय झालं?’ हे विचारायला अक्षरओळख लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अशाने शासनाची आणि शाळेची जबाबदारी घरावर, त्यातही आईवर ढकलली जाते. ती ढकलली जाऊ नये, हे मलाही मनापासून वाटतं. बोट्स्वानातल्या पालकांना बळ मिळालं ते पलीकडून कुणीतरी नियमाने फोन करत होतं म्हणून. आपल्याकडेही असे प्रयत्न झाले. पहिली ते आठवीसाठी सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका आली, आणि तिने घर व परिसरातल्या वस्तूंनी करायच्या कृती दाखवल्या. सोलापूरच्या नीलमनगर या कामगारवस्तीत शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले, त्यामुळे जाता-येता मुलं वाचू लागली. घराचा वाटा म्हणून दिवसाची पंधरा मिनिटं पुरेत, आणि ती वडील, आजोबा, ताई असे आळीपाळीने वाटून घ्यावीत. शाळेचा वाटा म्हणून शिक्षकाने पालकाशी बोलावं आणि तुमचं मूल इथे आहे, या आठवड्यात एवढंच ऐका, असं सांगावं.

आता शाळा सुरू झाल्या, मुलं सावरलीही, मग हे उकरून काय काढायचं, असंही कुणी म्हणेल. २०२४ च्या ‘असर’मध्ये तिसरीचं वाचन पुन्हा २७.१ टक्क्यांवर आलं, ही आनंदाची बातमी आहे, आणि ते श्रेय शिक्षकांचं आहे. मात्र २०२४ मधली तिसरीची मुलं टाळेबंदीच्या काळात शाळेच्या वयाचीही नव्हती. ज्यांची पहिली-दुसरी घरात गेली, ती तोवर पाचवीत पोचली होती, आणि पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना तेव्हाही दुसरीचा मजकूर नीट वाचता येत नव्हता. महासाथीच्या आधीही चित्र फार वेगळं नव्हतं. म्हणून हा प्रश्न टाळेबंदीपुरता नाही. शाळेला कुलूप लागल्यावर तो उघडा पडला, एवढंच. पुरामुळे आठवडाभर वर्ग बंद राहोत, लांब उन्हाळी सुट्टी असो किंवा रोजची साधी संध्याकाळ असो, पुस्तक मुलाच्या दप्तरात असतंच. ते उघडून ‘वाच बघू, मी ऐकतेय’ एवढं म्हणणारं माणूस घरात हवं.