अंगणवाडी मोजतात, नर्सरी कोण मोजणार?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत लोकसंख्येचा निकष आहे: एरवी ४०० ते ८०० लोकांमागे एक अंगणवाडी, मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यासारख्या आदिवासी भागात ३०० पासूनच. पर्यवेक्षिका भेट देते. मुलाचं वजन, उंची सरकारच्या पोषण ट्रॅकर ॲपवर चढते. मेळघाटात ही नोंद जीवनमरणाची आहे. पण शिकवणं कसं चाललंय, हे वजनकाट्यावर दिसत नाही.

तेही मोजता येतं: ऑस्ट्रेलियात २०१२ पासून बालसेवा केंद्रांना सात निकषांवर जाहीर श्रेणी मिळते. अमरावती-अकोल्यात नर्सरी शोधणाऱ्या आईबापांना अशी श्रेणी पाहायला मिळत नाही, आणि ती मिळायलाच हवी. पण कायद्याचा आधार इथे तोकडा आहे: २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची सक्ती सहाव्या वर्षापासून. त्याआधीच्या शिक्षणाची सोय कलम ११ ने सरकारच्या मर्जीवर सोडली आहे.