विश्लेषण : रात्री पार्टी, सकाळी स्कूबा डायव्हिंग… धोका किती?

मालवण-तारकर्ली असो वा गोव्याचे ग्रँड बेट, स्कूबा डायव्हिंगच्या बोटी बहुधा सकाळी सुटतात आणि सहलीत आदली रात्र अनेकदा पार्टीची असते. ‘आता उतरली आहे’ म्हणत पाण्यात उतरणे का घातक ठरू शकते?

सकाळपर्यंत दारू उतरते का?

व्हिस्की किंवा रमच्या ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये साधारण १० ग्रॅम मद्यार्क असतो. तो निकामी करण्यास यकृताला सुमारे एक ते दीड तास लागतो. रात्री ११ वाजता बसून सहा पेग घेतले, तर रक्त मद्यमुक्त होण्यास पहाटेचे ५ ते सकाळचे ८ वाजू शकतात. कडक कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. मद्यार्क संपला तरी शरीरातील पाण्याची कमतरता, अपुरी झोप आणि मळमळ मागे उरते.

उथळ पाण्यातही धोका आहे?

होय. समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे १० मीटर खोलीवर फुप्फुसात भरलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत प्रसरण पावून दुप्पट होते. त्यामुळे श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम. घाबरून श्वास रोखत वर झेपावणाऱ्याच्या फुप्फुसांना गंभीर इजा होऊ शकते. नशा किंवा हँगओव्हरमध्ये नेमके हेच भान सुटते. इन्स्ट्रक्टरच्या हातखुणा उशिरा कळतात, कानातील दाब वेळेत सोडला जात नाही. तोंडात रेग्युलेटर असताना उलटी झाली तर पाणी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

जास्त खोलीवर काय होते?

साधारण ३० मीटरच्या आसपास दाबाखालील नायट्रोजनमुळेच गुंगी जाणवू लागते. त्यात मद्याची भर पडली तर निर्णयक्षमता आणखी ढासळते. खोलीवर रक्तात व पेशींत विरघळलेला नायट्रोजन वर येताना हळूहळू बाहेर पडावा लागतो. तसे न होता त्याचे बुडबुडे झाले, तर ‘बेंड्स’ हा विकार होतो. शरीरात पाणी कमी असेल तर हा धोका वाढू शकतो, असे डायव्हिंगतज्ज्ञ मानतात.

डायव्हिंगनंतर लगेच बिअर चालते?

टाळावी. सांधेदुखी, मुंग्या, चक्कर, विलक्षण थकवा ही बेंड्सची लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात. दारू प्यायली असेल तर ‘चढली असेल’ म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते आणि ऑक्सिजन व उपचार मिळण्यास उशीर होतो.

पर्यटकांनी काय करावे?

भारतात वैमानिकांना उड्डाणापूर्वीचे १२ तास मद्य वर्ज्य आहे. पाण्याखाली जाणाऱ्यानेही किमान आदली रात्र कोरडी ठेवावी. भरपूर पाणी प्यावे, पुरेशी झोप घ्यावी आणि पार्टी डायव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी ठेवावी. रात्री घेतली असेल तर आरोग्यविषयक फॉर्म भरताना इन्स्ट्रक्टरला स्पष्ट सांगावे. पैसे भरले म्हणून पाण्यात उतरण्याचा हट्ट धरू नये. पाण्याखाली पर्यटकाची जबाबदारी त्या इन्स्ट्रक्टरवर असते आणि पर्यटक बिथरला तर त्याचाही जीव धोक्यात येतो.