ओपीडीच्या रांगेतच समुपदेशक

मन उदास आहे म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राची पायरी सहसा कुणी चढत नाही. झोप लागत नाही, अंग दुखतं, हातापायांत त्राण नाही, अशी तक्रार घेऊन माणसं येतात आणि ताकदीच्या गोळ्या घेऊन परततात. पिणारा माणूस पित्ताचं औषध मागतो; पिण्याचा विषय निघतच नाही.

डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 1996 साली गोव्यात सुरू केलेल्या ‘संगाथ’ या संस्थेने ही अडचण ओपीडीतच सोडवायची ठरवली. मानसोपचाराचं कोणतंही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना तिने समुपदेशक म्हणून तयार केलं. रुग्णाला गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न विचारायचे: कामात रस वाटतो का, झोप कशी आहे, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का. नैराश्य तीव्र असेल, तर आठवड्याला एक अशा सहा ते आठ भेटी. त्यांत उपदेश नसतो. सुटलेली कामं हळूहळू पुन्हा हाती घ्यायची: शेजारणीकडे जाणं, बाजारहाट, देवळातली किंवा चर्चमधली हजेरी. पुढच्या भेटीत, काय जमलं आणि तेव्हा कसं वाटलं, यावर बोलायचं. घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी एक ते चार भेटी असत. समुपदेशक भेटींचं ध्वनिमुद्रण एकत्र ऐकून एकमेकांच्या कामाला गुण देत. मला या साऱ्या रचनेत हे सर्वांत मोलाचं वाटतं.

गोव्यातल्या दहा आरोग्य केंद्रांतल्या चाचण्यांचे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्ये आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक नैराश्यातून सावरले होते; न मिळालेल्यांत 39 टक्के. दारूच्या चाचणीत शेवटचे चौदा दिवस थेंबही न घेतलेले 42 टक्के, तर दुसऱ्या गटात 18 टक्के. मात्र ज्यांचं पिणं चालूच राहिलं, त्यांच्या पिण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं नाही, हेही सांगायला हवं.

दोन्ही चाचण्यांत दुसऱ्या गटातल्या रुग्णांच्या तपासणीचा निकालही डॉक्टरांना कळवलेला होता. म्हणजे आजार ओळखणं पुरत नाही, समोर बसून ऐकायला माणूस लागतो. भरल्या ओपीडीत डॉक्टरांना तेवढी फुरसत कुठली? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ही सेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेत सर्व स्तरांवर सामावून घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. मग प्रत्येक केंद्रात परिचारिकेसारखंच समुपदेशकाचंही कायम, पगारी पद हवं, आणि त्याला बसायला दार लावता येईल अशी एक खोली.