काचेच्या भिंती आणि टेलरचे घड्याळ

येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाची ‘आम्ही’ ही कादंबरी १९२०-२१ मध्ये लिहिली गेली. मायदेशी ती प्रसिद्ध होण्यास १९८८ साल उजाडले. तीत माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरांच्या भिंती काचेच्या आहेत. समूहवादावरील टीका म्हणून ती वाचली जाते, आणि ते खोटे नव्हे. परंतु त्या राज्यात थोर पूर्वज म्हणून गौरव होतो तो टेलरचा, मजुरांच्या हालचाली घड्याळ लावून मोजणाऱ्या अमेरिकन तज्ज्ञाचा! झाम्यातिन स्वतः जहाजबांधणीचा अभियंता. इंग्लंडमधील गोद्या त्याने आतून पाहिल्या होत्या. व्यक्तिवाद भांडवलशाहीकडे आणि समूहवाद साम्यवादाकडे, अशी सोपी वाटणी करणाऱ्यांची येथे पंचाईत होते. हक्सलेच्या १९३२ च्या कादंबरीत तर देवाच्या जागी मोटारींचा कारखानदार फोर्डच बसला आहे.